अकिकाची मूठ

खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे. पण हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे होते. त्या मुठीला मी माझ्या हातांनी पॉलिश केलंय.

गेल्या उन्हाळ्यातला मंगळवार. भर दुपार, बाहेर ऊन आग ओकत होतं. हे मुद्दाम सांगते, कारण असलं काही अंधारातच घडतं असा सगळ्यांचा समज असतो.

माझा थोरला भाऊ, दादा, हाताने सुऱ्या बनवतो.

बनवायचा.

पातं तो ठोकायचा, मुठीचा दगडही तोच कापायचा. शेवटचं पॉलिश माझं. घराच्या मागच्या खोलीत आमचं दोघांचं वर्कशॉप. मला चिकट, तेलकट गोष्टींची भयंकर किळस. दादा म्हणायचा, "हिला साबणसुद्धा धुऊन द्यावा लागतो."

आमची एक पद्धत होती. गिऱ्हाईकाने मेणाचा गोळा मुठीत दाबायचा. त्यात बोटांचे खळगे उमटायचे आणि दादा त्या मापाने दगड घासायचा. त्यामुळे दादाची सुरी ज्याची त्यालाच बसायची.

त्या मंगळवारी मोजेवाले आले. हे नाव आम्हीच ठेवलेलं, कारण एवढ्या उकाड्यात त्या माणसाच्या उजव्या हातात कातडी हातमोजा होता. दगड ते घेऊनच आले होते. लाल अकीक, आत पांढऱ्या रेघा. मांसात चरबीच्या असतात ना, अगदी तशा.

दाबलेला गोळाही सोबत होता.

"ही मूठ कुणाची?" दादाने विचारलं.

"माझ्या भावाची."

"मग त्यांनाच आणा की. पुन्हा एकदा दाबून घेऊ, मापात चूक नको."

"तो येणार नाही. वारला." ते जरा थांबले. "...म्हणजे, लोक तसं म्हणतात."

मी आणि दादाने एकमेकांकडे पाहिलं.

"फक्त माप त्याचंच हवं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं चालणार नाही. एवढं सांभाळा."

ते गेल्यावर मी गोळा उचलला आणि अंगावर काटा आला. तो मेणाचा नव्हता.

चरबीचा होता.

खवट, पिवळट. करंगळीच्या खळग्यात एक आखूड केस रुतलेला. ती घाण माझ्या टेबलावर मला नकोच होती. कागदाने धरून मी ती खिडकीत ठेवून दिली.

खिडकीत ऊन येतं हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला ती फक्त नजरेआड हवी होती.

तासाभरात तिथे नुसतं पिवळं थारोळं उरलं होतं.

दादाने कपाळावर हात मारून घेतला. "मीच ठेवला असणार इथे. माझं लक्ष कुठे असतं हल्ली!"

मी गप्प बसले. अजून गप्पच आहे.

"त्यांना खरं सांगून टाक," एवढंच म्हणाले.

"काय सांगू? तुमच्या मेलेल्या भावाची मूठ वितळवली म्हणून? खळगे माझ्याच बोटांएवढे दिसत होते. माझ्या हाताला बसवतो. कुणाला कळतंय?"

दुसऱ्या दिवशी त्याने दगड कापायला घेतला.

अकीक पाण्याखाली कापतात. त्याचा गाळ निघतो, त्याला ओल्या मातीचा वास येतो. या गाळाला वास होता... बंद फ्रीजमध्ये विसरलेल्या मांसाचा. मी तोंडाला दोन रुमाल बांधले. दादाला मात्र कसलाच वास येत नव्हता.

माश्या आल्या. दगडावर माश्या बसलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या.

दादा थोडं घासायचा, मूठ धरून बघायचा, पुन्हा घासायचा. असं दोन दिवस चाललं. हात सोडवताना दर वेळी एक आवाज यायचा.

चप्...

ओले ओठ विलग व्हावेत तसा.

मग मूठ माझ्याकडे आली. देखणी होती, हे मान्य करायलाच हवं. पात्याला इतकी बेमालूम जोडलेली की सांध्यात नख शिरेना. पण दर सकाळी तिच्यावर तेलकट थर असायचा. मी स्पिरिटने पुसायचे, पुन्हा थर.

आणि एक गोष्ट नव्हती...

दादाचे ठसे. पात्याला धार लावताना दिवसभर तो मूठ हाताळायचा, पण त्या चकचकीत दगडावर ठसे उमटायचे ते फक्त माझे.

हे माझ्या लक्षात आलं त्याच संध्याकाळी वहिनीने हाक मारली. "अगं, ह्यांचा फोन अंगठ्याने उघडतच नाहीये. बघ जरा."

मी दादाचा अंगठा उजेडात धरला. त्यावर एकही रेघ नव्हती. झिजलेल्या साबणासारखा गुळगुळीत.

"दगड घासून झिजला असेल," दादा हसला.

मी हसले नाही. माझे हातही दगडावरच झिजतात.

पुढच्या आठवड्यात शनिवारी दुपारी मोजेवाले आले. त्यांनी हातमोजा उतरवला. तळवा लाल, ओला, चकाकणारा. आत पांढऱ्या रेघा.

त्यांनी सुरी धरली. बोटं घसरली. पुन्हा धरली.

"ही त्याची मूठ नाही." त्यांनी सुरी खाली ठेवली. "कुणाच्या हातावर बसवली?"

दादाने मान खाली घालून सगळं सांगितलं. मला वाटलं, हा माणूस आता आकांडतांडव करणार.

त्यांनी फक्त विचारलं, "तुम्हाला बसते?"

दादाने सुरी हातात घेतली.

चप्...

बोटं मिटली ती उघडेनात. मी आणि वहिनीने ओढून ओढून सोडवली. तोवर मोजेवाले खिडकीशी उभे राहून स्वतःचा तळवा न्याहाळत होते. लाली उतरत होती. हाताच्या नेहमीच्या रेघा दिसू लागल्या होत्या. ते रडत होते. आनंदाने.

"भाऊ माझा हात सोडत नव्हता हो," ते म्हणाले. "त्याला त्याची मूठ दिली असती, तर तो तिच्यात राहिला असता. तुम्ही तुमची दिलीत."

सुरी आणि हातमोजा तिथेच टाकून ते जवळजवळ पळतच गेले. त्यांचा फोन लागत नाही. पत्ताही खोटा निघाला.

याला आता वर्ष होईल. दादाचा उजवा तळवा तसाच लाल, ओला झालाय. डॉक्टर त्वचारोग म्हणतात, मलमं देतात. मलम त्या तळव्यावर टिकत नाही, ओघळून जातं. हातोडी निसटते, कानस निसटते. ज्याने आयुष्यभर पोलाद वाकवलं, त्याला आता पाण्याचा पेला डाव्या हाताने धरावा लागतो. वर्कशॉप बंद आहे. सुरी कपाटात आहे. ती कुणाला द्यायची आमची हिंमत नाही.

उजवा हात मात्र रोज थोडा थोडा मिटत चाललाय... कुणीतरी आतून धरल्यासारखा.

परवा अंगणात माझा पाय घसरला. मी पडणार, तेवढ्यात दादाने सवयीने उजवा हात पुढे केला.

मी तो धरला नाही. धडपडत भिंतीला टेकले, पण तो हात धरला नाही. माझा सख्खा भाऊ. लहानपणी याच हाताला धरून मी रस्ता ओलांडायला शिकले.

दादाने हात खिशात घातला.

"राहू दे गं," तो म्हणाला. "मलापण किळस येते."