बाबांच्या घड्याळातला तिसरा फोन

यात पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, तेही भर दुपारी, तिच्या बाबांच्या स्वयंपाकघरात. शनिवार होता.

ताई सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच तिचं काम. म्हणून बाबांच्या स्मार्टवॉचने नाकी नऊ आणले, याचा तिला जास्तच राग होता.

बाबा एकटे राहतात. दोन महिन्यांपूर्वी चक्कर येऊन पडले होते. त्यांच्या छातीचे ठोके फार मंदावले की घड्याळ लगेच ताईला कळवतं. पण सकाळी पूर्ण चार्ज केलेलं घड्याळ बारा वाजताच मान टाकायचं. म्हणजे दुपारी बाबांना काही झालं, तर कोणाला पत्ता लागणार नव्हता.

तिने स्क्रीनचा उजेड कमी केला. नको ती अ‍ॅप्स काढली. घड्याळ रीसेट केलं. दोनदा.

ढिम्म फरक नाही.

शेवटी बॅटरी नेमकी कोण खातंय, ते तिने उघडून पाहिलं. पडद्यामागे सिंक चालू होतं. दर मिनिटाला बाबांचे ठोके तीन फोनवर जात होते. एक बाबांचा. एक तिचा.

तिसरा... आईचा.

आईला जाऊन आठ महिने झाले होते.

बंद फोनला घड्याळ उगाच हाका मारत बसलंय, असं तिने स्वतःला समजावलं. पण आईच्या नावापुढे प्रत्येक वेळी एकच शब्द होता...

'पोहोचलं.'

ताई तणतणत उठली आणि कपाटातून आईचा फोन काढला. त्याची बॅटरी फुगली होती, म्हणून तिनेच ती काढून टाकली होती. मागचा खण रिकामाच होता.

तरी फोन कोमट होता.

"ऊन लागलं असेल," ती पुटपुटली. त्या कोपऱ्यात ऊन कधीच येत नाही.

तिने यादीतून आईला काढायला घेतलं, तर नियम आडवा आला. ज्याला काढायचं, त्याच्याच फोनवरून होकार हवा. बाबा चुकून कोणाला तरी काढून टाकतील, म्हणून हे सेटिंग तिनेच हौसेने लावलं होतं.

"आता होकार काय वर जाऊन आणू?"

तिने विनंती पाठवली. पुन्हा पाठवली. तेरा वेळा. वैतागून डोळ्यांत पाणी आलं.

बाबा भांडी विसळत होते. ते तिच्याकडे वळले नाहीत. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत हळूच म्हणाले, "अगं, दे ना होकार. पोरगी कावलीय. मी ठीक आहे."

"बाबा, कोणाशी बोलताय?"

नळ बंद झाला. घरात काहीच वाजत नव्हतं...

मग घड्याळ एकदाच थरथरलं.

'होकार मिळाला.'

ताईच्या हातातला फोन गार पडला होता.

आता बॅटरी तीन दिवस पुरते. पण बाबा घड्याळ घालायला टाळाटाळ करतात. रोज फोनवर दोघांची त्यावरून वादावादी होते.

दुसऱ्याच दिवशी ताईने आईला यादीत परत घ्यायची विनंती पाठवली. "बॅटरी गेली खड्ड्यात," ती मला म्हणाली. दिवसातून दहादा ती उघडून बघते. काल तिने मलाही दाखवलं.

विनंतीखाली लिहिलंय... 'वाचलं.'

उत्तर अजून आलेलं नाही.