चौथ्या गल्लीची हवा

मंगळावरच्या वस्तीत हवेच्या झडपा सोडणाऱ्या बाईला पाटकरी म्हणत. वस्तीतली पहिली माणसं पांझरा नदीकाठची. गावाकडे पाटाचं पाणी सोडणाऱ्याला हेच नाव होतं, ते इथे हवेला चिकटलं. सध्याची पाटकरी इंदूआक्का खैरनार.

एके सकाळी प्राणवायूच्या संयंत्राचा एक भाग जळाला. नवा भाग घेऊन यान येणार अकरा दिवसांनी, तोवर हवा पाचव्या हिश्शाने कमी. वस्तीत माणसं पंचाण्णव. कमीत कमी नुकसान कशात आहे ते निव्वळ तर्काने ठरवणारं यंत्र, म्हणजे विवेकगणक, क्षणात म्हणालं: चौथ्या गल्लीची हवा बंद करा. तिथे एकोणीस म्हातारी माणसं राहत. आक्काला झडपा फिरवायला शिकवणारे तुकाभाऊ त्यांतलेच.

"गणित चुकलेलं नाही, आक्का," विवेकगणक बनवणारे डॉ. परचुरे म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "सात वेळा तपासलं. नाहीतर सगळेच जाऊ."

"माणूस हवा किती घेतो असं धरलंय?"

"रोजच्यासारखी."

"कुणाला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? मोजलेली आहे."

"आमच्याकडे टंचाईत कुणाचं शेत कोरडं टाकत नसत, डॉक्टर. सगळ्यांनी थोडं थोडं भिजवायचं. पण पाटकरी आधी बांधाबांधावर जाऊन विचारायचा. संध्याकाळपर्यंत थांबा."

आक्का घरोघर फिरली. पडून राहिलेल्या माणसाला हवा कमी लागते. तेव्हा अकरा दिवस कामं बंद, सगळ्यांनी अंथरुणात, एवढंच तिचं मागणं. भिला पहिलवान तालीम बुडते म्हणून कुरकुरला आणि सगळ्यांत आधी तोच आडवा झाला. पंचाण्णवच्या पंचाण्णव जण हो म्हणाले.

यान उतरलं तेव्हा सगळी वस्ती भिंती धरधरून उठली. मुख्य झडप तुकाभाऊंनी उघडली. परचुरे सर्वांदेखत हमसून रडले, आणि आक्काला तर आभाळ ठेंगणं झालं. गणिताने टाकलेली माणसं तिने विचारून विचारून परत आणली होती.

आठवड्याने परचुरे खुशीत आले. "आक्का, यंत्र शिकलं. लोकांची तयारीही आता हिशेबात धरलीय. पुढच्या वेळी तुम्हाला दारोदार फिरायला नको."

"लोक हो म्हणतील, असंच धरलंय?"

"सगळेच्या सगळे. पुरावाच आहे ना."



"मग ज्याला नाही म्हणायचंय, त्याने ते कुणाला सांगायचं?"

उत्तरासाठी डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलं.