चातुर्मासापुरता बँड

तो आला तो छत्री मिटत, थेट आमच्या स्टेजवर.

वारज्याच्या त्या मंगल कार्यालयात आमच्या ‘मानपान’ बँडचा पहिला प्रयोग होता. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, कार्यालय ओस पडतं; म्हणून मालक रावसाहेबांनी ते तुळशीच्या लग्नापर्यंत आम्हाला वापरायला दिलं होतं. सलिल गिटारवर, दिग्विजय ड्रम आणि कुकरच्या झाकणांवर, आणि गळा काढायला मी, सृष्टी. नऊवारी, खाली गमबूट, हातात पोह्यांचा ट्रे. आमच्याकडे बघायचा कार्यक्रम उलटा असायचा. मी मुलाला बघायची, चालून दाखवायला लावायची आणि शेवटी पोहे त्याच्या डोक्यावर ओतून किंचाळायची, “कळवते!”

ठरलेला मुलगा ऐनवेळी घाबरून पळाला. आणि हा बहिणीच्या लग्नासाठी कार्यालय विचारायला आलेला. रावसाहेब मुळातच खोडकर. म्हणाले, “बुकिंग ना? स्टेजवरच्या मॅडमना विचारा.”

तो स्टेजवरच्या नवरदेवाच्या सिंहासनावर नीट पाय जुळवून बसला.

“नाव?” मी माइकमधून.

“प्रज्ञेश.”

“करता काय?”

“कात्रजला, डेअरीत. दूध तपासतो.”

“पत्रिका आणलीत?”

प्रेक्षक फुटले. त्यानं समोर पाहिलं, मग माझे गमबूट पाहिले. भानगड कळली त्याला. उठून जाता आलं असतं... पण तो मागे रेलून बसला.

“आम्ही बौद्ध. आमच्यात पत्रिका बघत नाहीत.”

“मग काय बघतात तुमच्यात?”

“मुलगी,” तो म्हणाला. आणि बघतच राहिला.

मी ट्रे पालथा केला. “कळवते!” कुकर खणाणले. कपाळावरचा एक पोहा त्यानं चाखला आणि हळूच म्हणाला, “लिंबू कमी आहे.”

माणसं जोखायची मला सवयच आहे. याच्या जमेला मी दोन गोष्टी धरल्या: तो लाजला नाही, आणि त्यानं मला लाजवायचाही प्रयत्न केला नाही. वजा बाजूला फक्त शर्ट. फारच मळखाऊ रंगाचा.

पुढच्या प्रयोगाला तो आपणहून आला. त्याच्या पुढच्यालाही. एकदा तर एक काकू उभ्या राहून ओरडल्या, “हेच शिकवलं का गं आईनं?” लोकांनी त्यांनाही टाळ्या दिल्या. दोन आजोबा निषेध म्हणून निघून गेले आणि पुढच्या वेळी चार मित्र घेऊन आले. प्रज्ञेश दर वेळी चालून दाखवायचा, गाऊन दाखवायचा, नापास व्हायचा. मग आम्ही दोघं पायरीवर उरलेले पोहे खात बसायचो, पन्हाळीतून पावसाचं पाणी गळत असायचं.

“रोज एवढा अपमान सोसवतो कसा रे?”

“तपासणीत एकदा नापास झालं तर नमुना परत घेतात. नियम आहे आमच्याकडे.”

“आणि परत नापास झाला तर?”

“तपासणाऱ्यावर संशय घेतात,” तो म्हणाला, आणि माझ्या ताटलीतला शेंगदाणा उचलला.

कार्तिक लागला. शेवटचा प्रयोग. सलिलनं खरा हार आणला. “आज हो म्हण, सृष्टी. पब्लिक वेडं होईल!”

अडचण एवढीच होती... मला खरंच हो म्हणायचं होतं.

त्या दुपारी बसायला जागा नव्हती. प्रज्ञेश समोर बसला. सलिल हार घेऊन तयार. सगळे श्वास धरून. प्रज्ञेशनं माझ्याकडे पाहिलं, आणि प्रथमच त्याचा चेहरा मला वाचता आला नाही. मी ट्रे पालथा केला. “कळवते!”

लोक हळहळले. कुणी शिट्टी मारली, कुणी मला शिव्या घातल्या. आणि तो उठून, मान वाकवून, विंगेत निघून गेला.

गाणं मी कसंबसं संपवलं. गमबुटांतच धावले. जेवणाच्या हॉलमागे, हात धुवायच्या बेसिनशी तो नळाखाली डोकं धरून उभा होता.

“रागावलास?”

“छे. सुटलो.”

“म्हणजे...?”

“तिथं हो म्हणाली असतीस ना,” तो केस निथळवत म्हणाला, “तर जन्मभर शोधत बसलो असतो. मला म्हणालीस, की त्या खुर्च्यांना? घाबरलो होतो मी, सृष्टी. हार बघितला मी सलिलच्या हातात.”

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि हसत सुटले. किती दिवसांनी छातीत श्वास पूर्ण गेला!

“प्रज्ञेश... हो.”

“कशाला हो? मी कुठं काय विचारलंय?”

“मग विचार की. इथं माइक नाहीये.”

तो खाली बसला, माझ्यासमोर, पोह्यांच्या हळदीनं पिवळ्या झालेल्या पाण्यात. आणि त्यानं विचारलं. काय ते लिहिणार नाही. चार महिने पुरेसं जाहीर जगून झालंय.

बाहेर रावसाहेबांची माणसं खऱ्या लग्नासाठी झेंडूच्या माळा चढवत होती. बँड संपला होता. मी साधा कुर्ता चढवून त्याच्या स्कूटरवर मागे बसले. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. कुणीच बघत नव्हतं मला... एक तो सोडून. आरशातून. सिग्नल हिरवा झाला तरी.

“अहो, निघा की!” मागून कुणीतरी हॉर्न दिला.