कुणीतरी यायचं राहिलंय

त्या वर्षी आमचं सगळं नीट चाललं होतं.

निनादच्या, माझ्या नवऱ्याच्या, अँजिओग्राफीत काही निघालं नाही. आमच्या लेकीची, पर्णिकाची, शाळेच्या स्विमिंग टीममध्ये निवड झाली. आखातातल्या या शहरात आम्ही खलिफा सिटीतल्या भाड्याच्या घरातून अल रीम आयलंडवरच्या आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. बाल्कनीतून खाडी दिसायची, खाडीपलीकडे खारफुटीचं हिरवं बेट, आणि मधे, अजून परांचीत अडकलेला, माझा पूल.

माझा म्हणजे, डिझाइन माझं. फक्त पायी चालणाऱ्यांसाठीचा, बारीक, मध्यावर किंचित वळलेला. बेटावर वस्ती नाही. तिथं खारफुटीतून फिरायला लाकडी वाट आणि पक्षी बघायला एक मनोरा, एवढंच होतं. पूल किती हलतो आणि किती हललेला चालतो, हे मोजण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली आहेत. नुसतं मनाला वाटलं म्हणून मी आजवर कधी काही ठरवलेलं नाही.

अशा दिवसांत ते सुरू झालं. कुणीतरी यायचं राहिलंय, असं वाटायला लागलं.

संध्याकाळी बाल्कनीतला उजेड तांबूस झाला की छातीत काहीतरी आवळायचं. शाळेची बस वेळेवर आली नाही की होतं ना, तसं. पण पर्णिका तर आत केस पुसत असायची. निनाद ओट्याशी कांदा चिरत असायचा. पुण्याला आईशी बोलणं झालेलं असायचं. मी मनातल्या मनात सगळ्यांवरून हात फिरवून यायचे. सगळे जागच्या जागी असायचे. तरी आवळलेलं सुटायचं नाही.

शेवटी मी डॉक्टरकडे गेले. डॉक्टर माहनूर कराचीच्या. आवाज शांत, टेबलावर नेहमी ताजी फुलं. त्यांनी आधी घरचं सगळं विचारून घेतलं, मग म्हणाल्या, "किसी को खोया है आपने? कोई बच्चा, कोई बहन?"

"नहीं," मी म्हटलं. ते खरं होतं. मी आईवडिलांची एकुलती एक, आणि पर्णिकाच्या आधी किंवा नंतर काही झालेलं नव्हतं.

"अच्छे दिनों की भी आदत डालनी पड़ती है," त्या म्हणाल्या. "दिल को चैन मिलता है तो वो घबरा जाता है. और यहाँ तो सब किसी न किसी का इंतज़ार ही करते हैं."

त्यांनी गोळ्या दिल्या, श्वासाचा व्यायाम शिकवला. मी दोन्ही नेमाने केलं. थोडा फरकही पडला. दिवसा बरं वाटायचं. मला वाटलं, झालं, हे असंच हळूहळू जाईल.

मग एका शुक्रवारी निनादने भरली वांगी केली. आम्ही तिघं जेवायला बसलो. पानं वाढलेली, भाकरीवरून वाफ येत होती. पर्णिकाला पोहून आल्यावर कडकडून भूक लागते, तरी तिचा हात मांडीवरच होता. निनाद पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. मीही थांबले होते. किती वेळ गेला कोण जाणे. भाकरीची वाफ गेली.

"ममा," पर्णिका म्हणाली, "हू आर वी वेटिंग फॉर?"

निनाद हसला. "कुणाची नाही गं. जेवा, यल्ला." पण ते हसणं लगेच विझलं. पर्णिका हात धुवायला गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "सुलक्षणा, पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी लंचला टेबल बुक केलं ना मी. मॅनेजरने विचारलं, किती जण. मी चार म्हटलं."

"चौथं कोण?"

"तेच तर. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. बदलायला परत फोन लावला, आणि नाही बदलवलं मला."

मी त्याला गोळ्यांबद्दल सांगितलं होतं. त्या वाटण्याबद्दल एका शब्दानेही बोलले नव्हते.

ऑफिसमध्ये मी पुलाची सगळी गणितं पुन्हा काढली. मग पुन्हा. एकही चूक नव्हती. राजन, आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, त्रिशूरचा. बरीच वर्षं आम्ही एकत्र काम करतोय. त्याने माझ्या केबिनचं दार लावून घेतलं आणि म्हणाला, "सुलक्षणा, डिझाइन परफेक्ट है. तू थक गई है. फायनल टेस्ट मैं करवाता हूँ, तू बस फोटो के टाइम आ जा."

"नहीं," मी म्हटलं. "मेरा पुल है. मैं खड़ी रहूँगी."

उद्घाटनाच्या दिवशी पहाटे शेवटची चाचणी होती. थंडीत इथं कधीकधी असं धुकं पडतं की माणूस आपल्याच हाताकडे बघत चालतो. त्या दिवशी तसंच होतं. रीमवरचे टॉवर कमरेपासून वर नाहीसे झाले होते. फजरची अजान कापसातून आल्यासारखी येत होती. खारफुटीच्या चिखलाचा खारट, किंचित कुजका वास पार जिभेवर जाणवत होता. पुलाच्या तोंडाशी आमचा तंबू, त्यात लॅपटॉप, आणि कागदी कपांतला करक, म्हणजे इथला कडक, दुधाळ चहा.

चाचणी सोपी होती. आधी आमच्या लोकांनी एकत्र पाय टाकत पूल ओलांडायचा आणि परत यायचं. डेकखालचे, म्हणजे चालायच्या फरशीखालचे, सेन्सर प्रत्येक कंपन टिपतात, पडद्यावर रेषा उठते. मग पूल रिकामा करायचा आणि रेषा सपाट होते का बघायचं. ती झाली की हनीफ, म्हणजे मालकांच्या बाजूचे इंजिनिअर, हिरवा कंदील देणार होते. ती झाली नाही, तर उद्घाटन रद्द. पाहुणे निघालेले होते. शाळेची मुलं बसमध्ये बसलेली होती. त्यांत पर्णिकाही होती.

लोक पाय आपटत गेले, आपटत आले. पूल कागदावर हलला होता तेवढाच हलला. राजनने माझ्या खांद्यावर थाप मारली. सगळे खाली उतरले, दोरी लावली, आणि आम्ही पडद्याकडे बघत राहिलो.

रेषा खाली आली. सपाट व्हायला आली. आणि मग हलली.

बारीक ठोका. थोड्या अंतराने दुसरा. मग तिसरा.

"हवा?" हनीफ म्हणाले.

हवा नव्हती. धुकं जागचं हलत नव्हतं. आणि वाऱ्याची रेषा कशी असते ते मला माहीत आहे. ही पावलं होती. पलीकडच्या टोकाच्या सेन्सरवर आधी, मग त्याच्या अलीकडच्यावर, मग त्याच्या अलीकडच्यावर. कुणीतरी एकटं, हलक्या वजनाचं, बेटाकडून आमच्याकडे चालत येत होतं.

राजनने वॉकीटॉकीवर पलीकडच्या, बेटाच्या गेटवरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, गेट बंद आहे, मी गेटलाच टेकून उभा आहे, इथून कुणी गेलेलं नाही.

पावलं मध्यापर्यंत आली, पूल वळतो तिथं. तिथं थांबली. मग जागच्या जागी पाय बदलल्यासारखे ठोके पडायला लागले. थांबून राहणारं माणूस करतं तसे.

"सेन्सर खराब है," राजन म्हणाला.

"सब एक साथ खराब?" हनीफ म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते कामाचे पक्के होते. "मॅडम, जब तक लाइन फ्लॅट नहीं, मैं खोल नहीं सकता. आय ॲम सॉरी."

माझी छाती त्या वेळी इतकी आवळलेली होती की श्वास वरच्या वरच होता. आणि तरी, सांगायला विचित्र वाटतं, त्या क्षणी मला पहिल्यांदा बरं वाटलं. इतके दिवस जे फक्त माझ्या आत होतं, ते आता समोर पडद्यावर उमटत होतं. ते मोजता येत होतं. त्याच्यापर्यंत चालत जाता येत होतं.

मी दोरी उचलली.

"सुलक्षणा," राजन म्हणाला.

"रुको. आती हूँ."

डेक ओला होता. थोडं चालल्यावर मागचा तंबू दिसेनासा झाला, मग आवाजही गेले. उरली फक्त माझी पावलं आणि खाली कुठंतरी पाण्याचं चुळचुळणं. आमच्या पुलाला दोन कठडे आहेत, एक वर, मोठ्यांसाठी, एक खाली, मुलांसाठी. दोन्हींवर दवाचे थेंब दाटून बसले होते.

वळणाशी मी थांबले. समोर कुणी नव्हतं.

तळव्यांना जाणवलं. टक. टक. माझ्या अगदी पुढ्यात.

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. पर्णिकाला स्विमिंग पूलमधून बाहेर यायला हाक मारते तोच आवाज माझ्या तोंडून निघाला. "चल. किती उशीर. चल घरी."

ठोके थांबले.

मी वळले आणि चालू लागले. घाई केली नाही. माझ्या डाव्या हाताला, खालच्या कठड्यावरचे थेंब पुसले जात होते. एक सरळ, कोरडी रेघ, माझ्याबरोबर पुढं सरकत होती. कुणीतरी बोटं फिरवत चालावं तशी.

मी बघितलं. पुन्हा बघितलं नाही. चालत राहिले.

तंबू दिसला. राजन, हनीफ, बाकीचे, सगळे पडद्यावर वाकलेले. मी पुलावरून जमिनीवर पाय ठेवला, आणि क्षणभराने माझ्या शेजारची वाळू किंचित दबली.

"फ्लॅट," हनीफ म्हणाले. "बिलकुल फ्लॅट. खलास. मुबारक हो, मॅडम."

आणि माझी छाती सुटली. इतकी अचानक, की मी राजनचा दंड धरला. एवढा खोल श्वास मी कित्येक महिन्यांत घेतला नव्हता. धुक्याचा, चिखलाचा, चहाचा, सगळा वास आत गेला, आणि मी हसायला लागले. राजनही हसायला लागला, कशाला ते त्याला कळलं नसावं.

मग सूर्य वर आला. धुकं पाण्यावरून उचललं गेलं, आणि पूल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसला, पांढरा, ओला, खाली हिरवं पाणी. पाहुणे आले, रिबन कापली, ढोल वाजला. शाळेची मुलं धावत सुटली. शेकडो पावलं एकदम पडली, माझा पूल जेवढा हलायचा तेवढाच हलला आणि लगेच स्थिर झाला. मंचावरून माझं नाव घेतलं गेलं, पूर्ण नाव, नीट उच्चारून. गर्दीत निनाद दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. पर्णिका मधल्या वळणावरून ओरडली, "ममा, इट्स सो गुड!" ती तोंड भरून कौतुक कधी करत नाही. मला रडू आलं, आणि ते रडू साधं होतं. त्यात भीतीचा एक कणही नव्हता.

त्या रेषेचं पुढं काय करायचं ते राजन, हनीफ आणि मी बोलून ठरवलं नाही. राजनने नंतर सेन्सर बदलून घेतले. जुन्यांत काही दोष निघाला नाही.

हॉटेलात आम्ही पोटभर जेवलो. घरी येताना लिफ्टमध्ये आम्ही तिघं शिरलो तरी निनादने दाराचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, मग सोडलं. पर्णिका भिंतीला चिकटून उभी राहिली. आम्ही सगळे खूश होतो.

दुपारी मी पर्णिकाच्या खोलीत डोकावले. दमून गाढ झोपली होती, युनिफॉर्मही न बदलता. एवढा मोठा पलंग, आणि ती अगदी कडेला, कुशीवर. उरलेली जागा मोकळी. एसी बंद होता, खिडकीही बंद होती. पडद्यातून उन्हाचा पट्टा गादीवर आला होता.

"ममा," ती डोळे न उघडता पुटपुटली, "डोंट वेक हर."

मी पायाशी पडलेली चादर उचलली आणि दोन्ही हातांनी पलंगभर पसरली. मला अजिबात भीती वाटली नाही. चादर पर्णिकाच्या अंगावर बसली. तिच्या पलीकडे मात्र ती गादीपर्यंत गेलीच नाही. वरच राहिली, आणि उन्हाच्या पट्ट्यात सावकाश वरखाली व्हायला लागली, पर्णिकाच्या श्वासापेक्षा जरा संथ.