चौदा नंबरच्या खोलीतला पाचवा प्रश्न

बाकावर बसलेल्या माणसाचे बूट इतके भिजले होते, की त्याच्या पायांखाली छोटंसं डबकं साचलं होतं. सेल्मा लाह्तीने खोलीचं दार उघडलं, डबकं पाहिलं आणि नेहमीसारखी घाई केली.

"अहो, असे बाहेर गारठत काय बसलात? आत या ना! बूट तिथे हीटरपाशी ठेवा."

"मी... खरं तर मी—"

"पहिल्यांदा सगळेच असे चाचरतात. आधी कॉफी घ्या."

सेल्मा पाइन हार्बरच्या शाळेत करिअर समुपदेशक होती. मुलांशी गप्पा मारत त्यांना कोणतं काम मानवेल ते शोधून काढायचं, हा तिचा उद्योग. गुरुवारी दुपारी मात्र चौदा नंबरची खोली मोठ्यांसाठीही उघडी असे. खाणीतलं काम सुटलेले, मासेमारीला कंटाळलेले, कोणीही यावं. तेव्हा भुवयांवर बर्फ वितळत असलेला हा उंच, लाजरा माणूस नोकरीच्या शोधात आलाय, याबद्दल तिला तिळमात्र शंका आली नाही. लाइल ब्रेके, असं त्याने नाव सांगितलं. डोळे निळे होते. ते बघायचे नाहीत असं तिने ठरवलं, आणि अर्थातच बघितले.

खिडकीतून गोठलेलं सरोवर दिसत होतं आणि त्यावर मधोमध उभी असलेली एक लाल, गंजकी मोटार.

"ती अजून उभी आहे?" लाइलने विचारलं.

"आहे की! इंजिन नाही, तेल नाही, नुसता सांगाडा. बर्फ फुटून ती कधी बुडणार, यावर अख्ख्या गावाने पैजेच्या चिठ्ठ्या टाकल्यात. बुडाली की व्हर्ना भोंगा वाजवणार, आणि सगळे किनाऱ्यावर पळणार."

"व्हर्ना म्हणजे... शाळा मंडळाच्या अध्यक्ष?"

"त्याच बाई! ही खोली बंद करून इथे कॉम्प्युटर बसवायचा घाट घातलाय त्यांनी. पोराने साठ बटणं दाबायची, की यंत्र सांगणार, तू अमुक हो. जिल्हा कचेरीतून कोणी तरी तपासनीसही पाठवणार आहेत म्हणे. येऊ दे मेल्याला! चांगली खरडपट्टी काढते की नाही बघा."

लाइलला ठसका लागला. कॉफी सांडली. सेल्माने रुमाल पुढे केला, तेव्हा त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि दोघंही उगाचच खिडकीकडे बघू लागले.

"तर," ती घसा साफ करून म्हणाली, "आमच्या शास्त्रात मतं पुष्कळ आहेत. एक म्हणतं, माणसांचे सहा प्रकार. प्रकार ओळखा, काम जुळवा. दुसरं म्हणतं, योगायोग येतच असतात, त्यांची तयारी ठेवा."

"योगायोगाची तयारी? ती कशी ठेवायची?"

"कॉफीचा एक कप जास्त करायचा."

लाइल हसला. हसताना त्याचे कान लाल झाले.

"आणि माझं आवडतं मत असं, की माणूस आपली गोष्ट सांगतो, त्या गोष्टीतच त्याचं काम लपलेलं असतं. त्यासाठी माझे पाच प्रश्न. पहिला... सहा वर्षांचे होता, तेव्हा कोण आवडायचं? आई-बाप सोडून."

"आर्ने," तो पटकन म्हणाला. "रस्त्यावरचा बर्फ उपसायच्या गाडीचा ड्रायव्हर. आमच्या गल्लीत सगळ्या म्हाताऱ्या. त्यांच्या दारात तो खाली उतरून स्वतः फावडं मारायचा. कोणी सांगितलेलं नसायचं त्याला."

मग तो बोलतच गेला. रेडिओवर तो पक्ष्यांचे आवाज ऐकतो. गोष्टी आवडतात त्या हरवलेलं कोणी तरी घरी परत येण्याच्या. आणि स्वतःला सतत काय बजावतो? तर, "आधी सगळं नीट बघ, मग तोंड उघड."

"वा! म्हणून आत येताना तोंड उघडत नव्हतं होय?" सेल्मा हसली. "आता पाचवा. अगदी जुन्यातली जुनी आठवण कोणती?"

लाइलचा चेहरा एकदम बदलला. तो कपातल्या गाळाकडे बघत राहिला.

"ही... पुढच्या गुरुवारी सांगितली तर चालेल?"

चालेल काय, पळेल! पण हे सेल्मा अर्थातच मोठ्याने म्हणाली नाही. तिने फक्त वहीत पाचवा आकडा लिहून पुढची जागा कोरी ठेवली. आठवडाभर त्या कोऱ्या जागेकडे तिने किती वेळा पाहिलं, ते विचारू नये.

पुढच्या गुरुवारी तो आला. हातात वेलदोड्याच्या पावाची पिशवी, आणि चेहरा असा, की जणू दात काढायला आलाय.

"सेल्मा, मी नोकरी शोधायला आलो नव्हतो. तो जिल्हा कचेरीचा तपासनीस... तो मीच."

'येऊ दे मेल्याला' हे आपलेच शब्द सेल्माच्या कानात वाजले आणि कानशिलं तापली.

"तासभर बसलात! माझी कॉफी प्यायलात! आणि एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत? आणि नंतर... नंतर मला सांगावंसंच वाटेना. इतकं बोलणं माझ्याकडून आजवर कोणी काढलं नव्हतं. म्हणून काल कचेरीत सांगून आलो, की हा अहवाल मी लिहिणार नाही. तुमच्याबद्दल मी तटस्थ राहिलेलो नाही."

सेल्माने त्याच्या हातातली पावाची पिशवी घेऊन टेबलावर आपटली.

"अरे शहाण्या! तुझ्या अहवालानेच ही खोली वाचली असती! आता नवा माणूस नेमायला वेळ कुठाय? मंगळवारी मतदान, आणि मंडळापुढे असणार एकटं ते यंत्र!"

"माहीत आहे," लाइल पडेल आवाजात म्हणाला. "पण खोटा तटस्थपणा मला जमणार नाही."

"जा तू!"

तो गेला. रागाच्या भरात आपण त्याला अरे-तुरे केलं, हे सेल्माला तो गेल्यावर कळलं. पाव मात्र गरम होता. तिने रडत रडत दोन खाल्ले. राग त्याच्या खोटेपणाचा होता की खरेपणाचा, ते काही केल्या ठरेना.

मंगळवारी सकाळी मंडळाची सभा भरली. नगरभवनाचं दालन माणसांनी फुललं होतं. मध्ये सत्तरीच्या व्हर्ना स्टेन्सरूड, समोर अंडी उकडताना लावतात ते गजराचं छोटं घड्याळ. बोलणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटं, मग तो राजाचा नातू का असेना! विक्रेत्याने आधी यंत्राचा प्रयोग दाखवला. खुद्द व्हर्नांनी साठ बटणं दाबली. पडद्यावर उत्तर आलं, कापड दुकानात विक्रेती.

"ठीक आहे," व्हर्ना कोरडेपणाने म्हणाल्या. "पुढे कोण?"

सेल्मा उठली. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून लाइल उभा होता, हातात टोपी चुरगाळत. आलाय तर! तिने तिकडे बघायचं टाळलं आणि लिहून आणलेले कागद घडी घालून खिशात टाकले.

"मी भाषण करणार नाही. मला अध्यक्षबाईंना एकच प्रश्न विचारायचाय. व्हर्ना, तुम्ही सहा वर्षांच्या होता, तेव्हा कोण आवडायचं? घरचं सोडून."

"हा काय पोरखेळ?"

"माझी तीन मिनिटं आहेत."

व्हर्नांनी ओठ मुरडले. मग हळूहळू नजर लांब कुठे तरी गेली.

"रेडिओवर एक बाई होती... वादळाची खबर द्यायची. माझा बाप सरोवरात असायचा, आई दाराशी उभी. ती बाई शांतपणे सांगायची, बोटी माघारी आणा. मला वाटायचं, ती माझ्याच बापाशी बोलतेय."

"आणि या गावात वादळाचा भोंगा कोण वाजवतं?" सेल्माने विचारलं. "बर्फ पातळ झाला, की पहाटेपासून एकेका मासेमाराला फोन करून माघारी कोण बोलावतं? तेही फुकट, चाळीस वर्षं?"

मागच्या बाकावरचे मासेमार एकमेकांकडे बघू लागले. व्हर्नांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही."

घड्याळ खणखणलं.

"बंद कर रे ते!" व्हर्ना शेजारच्या सदस्यावर ओरडल्या. "मतदान घ्या!"

मंडळाचे सात हात वर. सातही चौदा नंबरच्या खोलीच्या बाजूने! टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर बुटांचा दणदणाट. खोली वाचली होती, आणि ती सेल्माने स्वतःच्या तोंडाने वाचवली होती. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मला बोलायचंय," मागून आवाज आला. लाइल पुढे आला, कान लालभडक. "तपासनीस म्हणून नाही. मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर राहिलंय."

व्हर्नांनी गुपचूप घड्याळाला चावी दिली.

"माझी जुन्यातली जुनी आठवण. मी चार वर्षांचा. आर्नेने मला उचलून गाडीत बसवलं, भोंग्याची दोरी हातात दिली आणि म्हणाला, ओढ! सगळी गल्ली बघत होती... मी लाजलो. दोरी सोडून दिली. आर्ने काही बोलला नाही, पण ती दोरी अजून माझ्या हाताला जाणवते." त्याने श्वास घेतला. "सेल्मा, आज सगळं गाव बघतंय. मी तुझ्या प्रेमात पडलोय. शनिवारी माझ्याबरोबर जेवायला येशील?"

सेल्माने वही काढली आणि पाचव्या आकड्यापुढची कोरी जागा त्याच्यासमोर धरली.

"इथे लिही. स्वच्छ अक्षरात. आणि शनिवार फार लांब आहे... आज दुपारीच जेवू."

दालन दणाणून गेलं. व्हर्ना डोळे पुसत उठल्या आणि भिंतीवरच्या भोंग्याच्या लाल बटणाकडे त्यांनी बोट दाखवलं. "ए पोरा, दोरी नाही माझ्याकडे. हे चालेल?"

लाइलने सेल्माकडे बघितलं. सेल्माने मान हलवली. त्याने बटण दाबलं, आणि भोंगा असा काही कडाडला, की खिडक्यांची तावदानं थरथरली.

बेकरीतून, बंदरावरून, शाळेतून सगळं गाव किनाऱ्याकडे धावत सुटलं. "बुडाली! बुडाली!" त्या गर्दीत एकमेकांचा हात धरून सेल्मा आणि लाइलही धावले, धापा टाकत, हसत.

लाल मोटार बर्फावर जशीच्या तशी उभी होती.

"मग भोंगा कशाला वाजला?" बेकरीवाल्याने विचारलं.

"माझ्यासाठी," सेल्मा म्हणाली, आणि तिने लाइलचा हात काही सोडला नाही.