लेगबायची पोच

माझ्या खुर्चीवर एक परका माणूस बसला होता आणि निवांतपणे पांढऱ्या कोटाला बटण शिवत होता!

मोसमाचा पहिला सामना, आणि स्कोअरर म्हणून माझाही पहिलाच. शंभराहून जास्त वर्षांचं ते मैदान. भिंतीपलीकडे समुद्र, खाऱ्या वाऱ्याने गंजून पापुद्रे सुटलेले कठडे, आणि पायरीपायरीला कुरकुरणारा लाकडी जिना. तो जिना धापा टाकत चढून आले, तर समोर हे दृश्य.

"ही स्कोअररची खोली आहे. प्रेक्षकांनी खाली बसायचं," मी ठणकावलं.

"हो का?" त्याने दातांनी दोरा तोडला. "इथे उजेड चांगला येतो हो… बरं, जातो खाली."

जाताना हसला. मला ते हसू भलतंच आगाऊ वाटलं. लक्षात मात्र राहिलं.

दहा मिनिटांनी तोच माणूस, तोच कोट घालून, मैदानाच्या मधोमध उभा! मी चक्क पंचांना हाकलून दिलं होतं. माझा वासलेला आ मिटेना. दुसऱ्याच षटकात त्याने एक गुडघा वर उचलून त्यावर हात थोपटला — लेगबाय. पंचांच्या खुणेला स्कोअररने हात वर करून पोच द्यायची असते. ती मिळेपर्यंत ते खेळ पुढे जाऊ देत नाहीत. मी नुसती बघतच राहिले. तो एका पायावर उभा राहून गुडघा थोपटतोय, गोलंदाज खोळंबलाय, आणि सगळं मैदान मान वळवून आमच्या खिडकीकडे बघतंय.

मैदानाचा दुसरा स्कोअरर माझ्या शेजारीच बसतो. तो माझा सख्खा मामा. "अगं, हात वर कर!" तो ओरडला. "बिचाऱ्याचा किती वेळ बगळा करून ठेवणार आहेस?"

चहाच्या सुट्टीत पंच जिना चढून वर आले. "माफ करा, पण… तुम्हाला पोच नाही."

मी हबकलेच. "मला पोच नाही? बोलायची काही रीत आहे की नाही?"

तो कानांपर्यंत लाल झाला. "अहो, तसं नाही! पोच मिळाली नाही, असं… तुमच्या हाताची… म्हणजे लेगबायची!"

मामाला हसता हसता ठसका लागला. मीही हसले. तिथेच सगळं बिनसलं.

कारण मग मोसमभर माझं लक्ष चेंडूवर कमी आणि त्याच्या हातांवर जास्त. वाइडला दोन्ही हात पसरून तो आमच्या खिडकीकडे वळला, की मला उगाचच लाजायला व्हायचं.

"तुमचा वाइड फार वेळ चालतो," मी म्हणायची.

"तुमची पोच उशिरा येते," तो म्हणायचा. "मी काय करू?"

आणि मग आला शेवटचा सामना. जेवणाच्या सुट्टीत तो दारातच उभा राहिला. तेच बटण पिळत.

"मला दुसऱ्या शहरात बोलावलंय. मोठे सामने… पण कायमचं तिकडेच राहावं लागेल. मी हो म्हणालोय तसं. चहाच्या सुट्टीत फोन करून पक्कं करायचंय." तो थांबला. "जाऊ?"

नको म्हणायचं होतं मला. आणि तोंडातून निघालं, "जा ना. मी कोण अडवणारी?"

"ठीक आहे," तो म्हणाला. जिन्याची एकेक पायरी कुरकुरली. मी सगळ्या मोजल्या.

"खोटं लिहिलंस," मामा वहीतून मान वर न काढता म्हणाला. "तेही शाईनं. पंचांना तरी सोय असते बाई… हात उलट्या खांद्यांना लावले, की आधीची खूण रद्द. तुझं काय?"

चहाला एकच षटक उरलं होतं. चेंडू सीमेपार गेला. त्याने आमच्याकडे वळून चौकाराचा हात हलवला — चेहरा कोरा, नजर खिडकीच्या वर कुठेतरी.

मला तो हवा होता. एवढं साधं होतं ते.

मी उठून उभी राहिले. हात वर नाही केला. दोन्ही हात छातीवरून नेऊन उलट्या खांद्यांवर ठेवले.

मामाच्या हातातलं पेन खाली पडलं. स्कोअररने पंचांना खूण करायची? या मैदानाने कधी पाहिलं नव्हतं! तिकडे मैदानात त्याचा हात हवेतच थांबला. गोलंदाज बघतोय, कर्णधार कमरेवर हात ठेवून उभा, आणि मी तशीच उभी. खूण केली की पोच मिळेपर्यंत थांबायचं असतं. मी थांबले.

त्याने सावकाश एक हात सरळ वर केला.

आणि मग, ते आगाऊ हसू हसत, स्वतःचेही दोन्ही हात उलट्या खांद्यांवर ठेवले.

"अहो पंच!" फलंदाज किंचाळला. "माझा चौकार का रद्द?"

"अगं, मी काय लिहू आता?" मामा घाबराघुबरा झाला.

"चौकार चारच लिही, मामा," मी म्हणाले, आणि हात वर केला. त्याला पोच द्यायची होती ना.