बोलत राहायचं

लांडग्यांची जोडी दिसताच पृथ्वीराजने जीपच्या पुढच्या सीटवरून हात वर केला. गाइडचा तळहात उघडा दिसला की श्वाससुद्धा जपून घ्यायचा, हा दौंडच्या माळावरच्या सफारीचा दंडक. पर्यटक तो निमूटपणे पाळत. त्या सकाळी मात्र मागच्या बाकावरचा एक आवाज झऱ्यासारखा वाहतच राहिला.

"...आन् मग सारिका, म्हैस काय उठायचं नाव घेईना—"

"ताई, जरा... शांत," मागे वळून तो कुजबुजला.

"बोलू द्या की! गप बसलं की भ्या वाटतं मला."

लांडगे तरवडाच्या झुडपांआड विरघळून गेले. कुणीतरी चरफडले. चहासाठी सगळे खाली उतरले, तेव्हा वाऱ्याने त्या बोलक्या मुलीची ओढणी सरकली आणि तिच्या गळ्याभोवतीचा चामड्याचा पट्टा उघडा पडला. पट्ट्याला बाहेरच्या बाजूने खिळे ठोकलेले होते.

"सफारीला जायचं म्हणून घातलाय हिनं!" तिची मावसबहीण सारिका खिदळली. "म्हटलं, अगं, हे दौंड हाय!"

"हस तू." ती मुलगी ओढणी सावरत पृथ्वीराजकडे वळली. "निमोण्याची हाय मी. आमच्याकडं उसात बिबट्या हाय. त्यो मानंलाच धरतो, म्हणून रानात जाताना बायका असलाच पट्टा घालतात. तुम्ही पैसं घिऊन जनावर दावता, आमच्याकडं दारात येतंय... फुकट!"

पृथ्वीराज हसला. अनोळखी मुलीसमोर आपण हसलो, याचे त्यालाच नवल वाटले.

"आणि गप्प बसलं की भीती वाटते, असं का म्हणालात?"

"गवत कापायची रीत हाय आमची. एकानं वाकून कापायचं, दुसऱ्यानं पाठीशी उभं राहून बोलत राहायचं. वाकलेलं माणूस त्याला शेळीवाणी दिसतं. मागनं आवाज येतोय तवर खुशाल वाकायचं. आवाज थांबला की समजायचं..." तिने वाक्य अर्धेच सोडले. डोळ्यांत क्षणभर उसाचे दाट, हिरवे सावट दाटून आले. "मी अनुपमा. तुम्ही?"

"पृथ्वीराज."

"अगं बाई... नाव राजाचं आन् आवाज मुंगीचा!"

निघताना तिने त्याचा नंबर घेतला, आणि त्या दिवसापासून खुटबावच्या त्याच्या घरात फोनला कंठ फुटला. ती बोलायची, तो ऐकायचा. शेजारच्या वस्तीवरचे वासरू गेले, बांधाला वनखात्याचा पिंजरा लागला, पिंजऱ्यातली शेळी रात्रभर ओरडते, आणि तिच्या ओरडण्याने सगळी वस्ती जागी राहते. प्रत्येक वेळी फोन ठेवताना त्याच्या ओठांवर एक वाक्य येई, थबके, आणि मागे फिरे.

मग एके दिवशी ती म्हणाली, "रविवारी पुण्याचे पाहुणे येणार हायेत... मला बघाय. आई म्हणती, तिसऱ्या मजल्यावर बिबट्या येत न्हाई." आणि तिने विचारले, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला... चांगलंच आहे की," तो म्हणाला. आणि मग स्वतःच्या भित्रेपणाची त्याला इतकी लाज वाटली की शनिवारी मोटारसायकल काढून तो थेट निमोण्याला गेला.

अनुपमा गोठ्याशी विळा घेऊन उभी होती. आई बाजाराला गेलेली, वडील कोंडिबा विहिरीवर मोटार दुरुस्त करत होते. जनावरे रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून हंबरत होती.

"आलाच हाय तर उभं राहा माझ्यामागं. येतं ना बोलता?" ती हसली. हसू ओठांपुरतेच होते.

उसाच्या कडेला गवत कमरेएवढे वाढले होते. ती वाकली, आणि विळ्याची खरखर सुरू झाली. हातात काठी घेऊन, तिच्याकडे पाठ करून पृथ्वीराज उभा राहिला. तो चिंकाऱ्याबद्दल बोलला, माळढोकाबद्दल बोलला, जीपच्या क्लचबद्दलही बोलला. "रविवार" हा शब्द मात्र तो टाळत राहिला.

तोच उसाची पाने हलली... आणि वारा तर नव्हता.

पानांच्या फटीतून दोन पिवळे डोळे पाहत होते. त्याच्याकडे नव्हे, त्याच्या बाजूने, खाली, वाकलेल्या तिच्याकडे. आणि पृथ्वीराजने तेच केले, जे माळावर रोज करत आला होता. तो गप्प झाला. त्याचा हात आपोआप वर गेला, तळहात उघडला, श्वास अडला.

त्या शांततेत विळा थांबला.

"पृथ्वीराज?" तिचा आवाज कापत होता. "बोला ना... बोला की हो!"

बिबट्याचे खांदे जमिनीलगत झाले.

"अनुपमा, उठ! उभी राहा!" त्याच्या छातीतून जो आवाज फुटला, तो त्याने आजवर कधी ऐकला नव्हता. काठी आपटत तो तिच्यापुढे झाला. आता थांबायचे नव्हते, आणि चिंकारा, क्लच, सगळे आठवेनासे झाले होते. उरले होते ते एकच. "मी उद्याच्या आधी सांगायला आलो होतो! तू पुण्याला जाऊ नकोस! मला तू पाहिजेस, ऐकतेयस का, मला तू पाहिजेस! निघ, ए, निघ तू इथनं!"

शेवटचे तेवढे बिबट्याला होते. त्याने कान पाडले, क्षणभर पाहिले, आणि उसात मावळून गेला.

विहिरीकडून कोंडिबा धापा टाकत आले. त्यांनी लेकीला नखशिखान्त न्याहाळले, मग या काठी धरलेल्या पोराला.

"समदं ऐकू आलं," ते म्हणाले. "विहिरीपतुर."

अनुपमा पांढरीफटक झाली होती. "गप झालात तुम्ही," एवढेच ती म्हणाली. "मी वाकल्याली असताना... गप झालात." आणि घराकडे निघून गेली.

त्या रात्री फोन वाजला नाही. रविवारी सकाळी, नकार तर नकार, पण तो समोर ऐकावा, म्हणून पृथ्वीराज पुन्हा निघाला. पाहुण्यांची गाडी दारात नव्हती. गोठ्यापाशी ती उभी होती. काही न बोलता तिने विळा त्याच्या हाती दिला आणि गळ्यातला पट्टा काढून त्याच्या गळ्यात बांधला. तिची बोटे थंडगार होती.

"आज तुम्ही वाका. कळू द्या कसं वाटतं ते."

उसापासून दूरच्या बांधावर तो वाकला. वाकताक्षणी सारे जग पाठीमागे गेले. उघडी पाठ आणि तिचा आवाज, एवढेच उरले. आपण काल तिच्यापासून काय काढून घेतले होते, ते त्याला मणक्यामणक्यात कळले.

"विहिरीवर समदं ऐकलं ना आबांनी, त्यांनीच पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन केला," ती बोलत होती. "आई रुसलीय. म्हणती, माळावर लांडगं असत्यात. मी म्हटलं, असू द्या, मानसं तर बोलाय शिकायलीत. आन् रात्रभर मी तुमच्यावर चिडले होते, लई चिडले होते, पण डोळं मिटलं की तुमचं ते वरडणं..."

आवाज थांबला.

विळा त्याच्या हातातून गळून पडला. मागे गवत सळसळले, काहीतरी जवळ आले, अगदी जवळ...

"अनुपमा?"

खांद्यावर एक हात टेकला.

"हितंच हाय," कानाशी ती म्हणाली. "पुढचं मला वरडून न्हाई सांगता येत..."